पहिल्या करावाँगला पाडलेलं भोक

१ जून, रविवार

सकाळी ट्रेवर नॉस्केचा फोन आला आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत. माझी बायको ग्लेनिस म्हणाली, "निदान जेवायला तरी खाली उतर."

बातमी अशी. आमच्या करावाँग सिंथेसायझरला या ऑगस्टमध्ये पन्नास वर्षं होतात. हिंडमार्शच्या ज्या शेडमध्ये आम्ही पाच जणांनी तो बनवला तिथे आता फरशांचं दुकान आहे, पण समोरचा हॉल अजून उभा आहे. नॉस्के तिथे कार्यक्रम करतोय. माझी बहीण कोरल वाजवणार. तेव्हा वाजवलं होतं तेच, आणि त्याच पहिल्या नगावर. कार्यक्रम झाला की तो पहिला नग शहरातल्या संग्रहालयात जाणार. काचेची पेटी, शेजारी पाटी, आणि पाटीवर नाव: एन्व्हलप सर्किट, डेस्मंड ट्रेविन.

अट एकच, यंत्र मूळ स्थितीत हवं. नॉस्केकडे स्वतःचे दोन करावाँग आहेत आणि तो त्यांच्यावरची धूळसुद्धा मूळची असल्यासारखी जपतो. म्हणाला, "डेस, एक स्क्रू जरी बदललास तरी माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, "अरे, त्यातले अर्धे स्क्रू मीच पिळलेत. तू मला शिकवू नकोस."

आपली टिमकी आपण वाजवू नये म्हणतात, पण इथे वाचायला कोण येतंय? सूर काढणारं सर्किट कुणीही बनवतो. पट्टी दाबल्यावर तो सूर कसा उठतो, किती टिकतो, पट्टी सोडल्यावर कसा विझतो, हे एन्व्हलप ठरवतं. माझ्या एन्व्हलपमध्ये नवी पट्टी दाबली की एक ट्रान्झिस्टर आधीचा सगळा चार्ज ओतून टाकतो आणि स्वर कोऱ्या शून्यातून उसळी मारतो. लोक त्याला करावाँगचा चावा म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांना तो चावा जमला नाही. हे मी नाही म्हणत, नॉस्के म्हणतो. मी फक्त नाही म्हणत नाही.

९ जून, सोमवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. कोरल जेवायला आली. तिच्याकडे असलेला तो पहिला करावाँग मी गेल्या आठवड्यातच तपासणीसाठी तिच्या घरून, गॉलरहून, माझ्या गाडीत घालून आणला होता. ती मात्र आगगाडीने आली, तीही दोन बदलून. गाडी विकली म्हणे. कारण विचारलं तर म्हणाली, "डोळे." हिचे डोळे घारीचे. फुटबॉलच्या मैदानात मागच्या बाकावरून पंचाची चूक पकडते आणि त्याला सात पिढ्यांसकट ऐकवते. बहात्तराव्या वर्षी माणूस आळशी होतो, दुसरं काय.

ग्लेनिसने पेस्ट्या केल्या होत्या, खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्याच त्या. कोरलची पेस्टी तिने तुकडे करून वाढली. मी म्हटलं, "बायको माझी आणि लाड हिचे? माझी पण कापून दे." दोघीही हसल्या नाहीत. चहा कोरलने अर्धाच मागितला, तोही कपबशीत नको, जाड मगमध्ये हवा. एकेकाला एकेक फॅड.

मग आमच्या घरामागच्या शेडमध्ये यंत्रासमोर बसून तिने बॉम्ब टाकला.

"डेस, तुझं एन्व्हलप जरा बदलून देशील?"

"बदलून म्हणजे?"

"तो चावा नको आता. पट्टीवरून बोट जरा सुटलं तर स्वर तुटू नये. आणि परत पट्टी दाबली गेली तर पहिल्यापासून सुरू होऊ नये, होता तिथून पुढे जावा. कमी-जास्त करायला एक बटण दे. मोठं दे. शेगडीला असतं ना, तेवढं."

"कोरल, तू मांजराला सांगतेयस, नखं काढून ठेव म्हणून."

"नखं असू देत रे त्याची. मला ओरबाडू नको म्हण, एवढंच."

"आणि बटणाला पॅनेलमध्ये भोक लागतं. संग्रहालयाचं काय?"

"त्यांना मी सांगेन."

"तू काय सांगणार? पाटीवर नाव माझं आहे."

तिने दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. मग म्हणाली, "हो. ते आहेच." पुढे तो विषय तिने काढला नाही. मला वाटतं तिला पटलं.

१४ जून, शनिवार

पटलेलं नाही. ग्लेनिसला फोन करून रडगाणं गायलंय. ग्लेनिस मला म्हणाली, "बहिणीने जन्मात कधी तुझ्याकडे काही मागितलंय? मागतेय तर दे."

मी तिला समजावलं. ज्या गोष्टीसाठी आपलं नाव काचेच्या पेटीशेजारी लागणार तीच गोष्ट कापून टाकायची, म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापण्यासारखं आहे. शिवाय ही मागणी संगीताच्या दृष्टीने चुकीची आहे. हल्ली सगळ्यांना मऊ, लोळणारे, ढगासारखे आवाज हवे असतात, ते खूळ हिच्या डोक्यात शिरलंय. ती म्हणाली, "झालं तुझं?" आणि कपडे वाळत घालायला गेली. बाहेर असा वारा होता की चादरी समुद्राकडे निघाल्या होत्या.

२० जून, शुक्रवार

आज कोरलला बोलावून घेतलं. म्हटलं, वाद राहू दे, तू नुसती वाजवून दाखव, मी यंत्राची नाडी बघतो. करावाँगला स्कोप जोडला, म्हणजे आतल्या विजेची चढउतार पडद्यावर रेघेत दिसते. स्कोपवरची रेघ खोटं बोलत नाही. पट्टी दाबली की रेघ वर, सोडली की खाली.

तिने सुरुवातीचे लांब स्वर धरले. आधी ठीक. मग स्वर जरा लांबला की तुटायला लागला, तड तड तड, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. रेघ पाहिली तर खाली-वर, खाली-वर.

मी ओरडलोच, "कोरल, तुझं दुखणं सापडलं!"

तिचा चेहरा उतरला. बोटं पट्टीवरून उचलून तिने मांडीखाली दाबली. "काय सापडलं?"

"घाण! पट्ट्यांखालच्या कॉन्टॅक्टवर घाण बसली आहे. पन्नास वर्षांची चांदी काळी पडते, नीट टेकत नाही, आणि माझं बिचारं एन्व्हलप दर वेळी प्रामाणिकपणे नव्याने चावा घेतं. त्याची चूक नाही काही."

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "घाण," ती म्हणाली. "असेल बाबा. साफ कर."

म्हणजे एन्व्हलप निर्दोष. मी जे म्हणत होतो तेच.

२३ जून, सोमवार

सगळे कॉन्टॅक्ट काढले, स्पिरिटने पुसले, त्यांच्या बारीक पात्यांचा ताण एकसारखा केला. नंतर एकूण एक पट्टी माझ्या बोटाने दाबून पाहिली. रेघ अशी सरळ की फूटपट्टीने काढली असावी. एकोणसत्तराव्या वर्षी इतकं बारीक काम करणारा माणूस या शहरात दुसरा दाखवा. कोरलला फोन केला आणि म्हटलं, ये, तुझा घोडा तयार आहे.

२७ जून, शुक्रवार

आजचा दिवस वाईट गेला. जे झालं ते तसंच लिहितो.

कोरल आली, बसली, स्वर धरला. तड तड तड.

माझा विश्वास बसेना. म्हटलं, तुझी अंगठी पट्टीला लागत असेल. तिने अंगठी काढून ठेवली, काढायलाही बराच वेळ लावला. तेच. म्हटलं, खुर्ची उंच कर. केली. तेच.

"नीट दाब की."

"दाबतेय मी."

"दाबतेस कुठे? गुदगुल्या करतेयस. मी दाबतो तेव्हा बरं चालतं ते!"

"तू आणि मी सारखे आहोत का?"

"नाचता येईना अंगण वाकडं!"

हे मी जोरात म्हटलं. ग्लेनिसला स्वयंपाकघरात ऐकू गेलं इतक्या जोरात. कोरल उठली, अंगठी खिशात टाकली. चिडली नव्हती, हे मला जास्त लागलं. ती चिडली की मला बरं वाटतं, लहानपणापासूनची सवय.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "नाचता येत नाहीये. नॉस्केला सांग, दुसरं कुणीतरी बसव. मी नाही वाजवणार."

आणि गेली. ग्लेनिस तिला स्टेशनवर सोडायला गेली ती फार उशिरा परतली. संध्याकाळभर ती माझ्याशी बोलली नाही, बटाट्यांशी बोलली.

१ जुलै, मंगळवार

नॉस्केला अजून सांगितलेलं नाही. कोरल न वाजवता तो कार्यक्रम म्हणजे नवऱ्या मुलीशिवाय लग्न. दुसरं कुणी वाजवेल, पण ते स्वर तिचे आहेत. पन्नास वर्षांपूर्वी मी पडद्यामागे सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन उभा होतो, यंत्र बंद पडलं तर धावायला. तिने तो पहिला स्वर वाजवला तेव्हा माझ्या हातून ते तापलेलं आयर्न सुटून बुटावर पडलं होतं.

दुरुस्तीचंच लिहितो. कोरल वाजवत असताना स्कोपने साठवलेली रेघ आज पुन्हा काढून पाहिली. एक गोष्ट खटकते. घाणेरडा कॉन्टॅक्ट कसाही तडतडतो. त्याला ताल नसतो आणि त्याची थरथर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात संपते. ही रेघ सावकाश खाली-वर होते, सेकंदाला पाच वेळा, आणि ताल सोडत नाही. ताल धरणारी घाण मी आयुष्यात पाहिली नाही.

पट्ट्यांखालचे रबर बदलले. माझ्या बोटाने सरळ. ग्लेनिसला बोलावून दाबायला लावलं, तिच्या बोटानेही सरळ. ती म्हणाली, "मग काय निष्कर्ष निघाला, इंजिनियर साहेब?" मी म्हटलं, घरातल्या विजेत काही दोष असेल, कोरल येते त्या वेळी शेजाऱ्यांचा पंप चालू असतो का ते बघतो.

५ जुलै, शनिवार

माफी मागायला गॉलरला गेलो होतो. ग्लेनिसने लॅमिंग्टनचा डबा हातात देऊन हाकललंच. "केक बोलेल," म्हणाली, "तू कमी बोल."

कोरलने दार उघडलं. डबा पाहून म्हणाली, "लाच?" मी म्हटलं, "हो." म्हणजे निम्मं काम झालं.

आज तिने मला पाहुण्यासारखी कपबशी काढली. स्वतःचा मग धुवायचा राहिला होता, म्हणून तिनेही कपबशीच घेतली. मी नॉस्केच्या नव्या भानगडी सांगत होतो, ती एका हाताने बशी धरून ऐकत होती. बशीत चमचा होता. तो वाजायला लागला.

मी बोलत राहिलो, पण माझे कान चमच्याकडे गेले. जन्मभराची खोड. कुठलंही यंत्र गुरगुरलं की मी न ठरवता मोजतो. मोजलं. सेकंदाला पाच. ताल न सोडता.

माझं वाक्य मध्येच राहिलं. कोरलने बशी टेबलावर ठेवली, हात मांडीखाली दाबला आणि म्हणाली, "पुढे काय झालं नॉस्केचं?" मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. चहा प्यालो, केक खाल्ला, तिच्या परसातल्या लिंबाचं कौतुक केलं. निघताना तिला मिठी मारली. आमच्यात तसं नसतं. ती म्हणाली, "इतके वाईट झाले होते का लॅमिंग्टन?"

गाडी बराच वेळ सुरू केली नाही. मी माझ्या बहिणीच्या हाताला घाण म्हणालो होतो.

६ जुलै, रविवार

ग्लेनिसला ईस्टरपासून माहीत होतं. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हटलं आहे. कोरलने तिच्याकडून वचन घेतलं होतं, डेसला सांगायचं नाही, पन्नास वर्षांनी त्याचं नाव पाटीवर लागतंय, मध्येच माझं रडगाणं नको.

मी विचारलं, "मग पेस्टी का कापून दिलीस? तेवढं दिसलंच ना."

"तुला दिसलं?" ग्लेनिस म्हणाली.

आज शेडमध्ये गेलो नाही.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर शेडमधल्या कामाच्या टेबलावरून हललो नाही आणि आता जे झालंय ते लिहायला हात शिवशिवतोय.

हे दयेपोटी केलं असं कुणी समजू नये. सर्किटपुढे प्रश्न आला होता आणि तो माझ्या सर्किटला सुटत नव्हता, हा माझा अपमान होता. प्रश्न सुटला. दोन भागांत सुटला. एक, तो चार्ज ओतून टाकणारा ट्रान्झिस्टर, माझा लाडका, त्याचा पाय सर्किटमधून सोडवला. आता स्वर शून्यातून उठत नाही, जिथे असेल तिथूनच पुढे चढतो. दोन, पट्टी सुटल्याचा निरोप एन्व्हलपला लगेच पोचू द्यायचा नाही. मध्ये एक छोटा कपॅसिटर बसवला, तो निरोप क्षणभर हातात धरून ठेवतो. तेवढ्यात बोट परत टेकलं तर तो निरोप देतच नाही. खरंच सोडलं तरच देतो. घरात एखादी शहाणी म्हातारी असते, प्रत्येक भांडण बाहेर जाऊ देत नाही, तशी.

सेकंदाला पाच या तालाने यंत्राला खोट्या पट्ट्या दाबायला लावल्या. जुन्या सर्किटवर गारा. नव्या सर्किटवर एक स्वर, अखंड, नुकत्याच लोणी लावलेल्या पावासारखा. मी शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो.

एकोणीस वर्षांचा असताना हे सुचलं असतं तर मी ते फेकून दिलं असतं. तेव्हा मला फक्त चावा हवा होता.

१९ जुलै, शनिवार

कोरलला आणायला मी स्वतः गेलो. शेडमध्ये बसली, स्वर धरला. धरूनच बसली. हात थरथरत होता, मला दिसत होता, आता मी बघत होतो. स्वर जागचा हलला नाही.

तिने दुसरा धरला. तिसरा. मग मान न वळवता म्हणाली, "कधी कळलं?"

"तुझ्या चमच्यावरून."

"वा. ग्लेनिसला बघताक्षणी कळलं, पलीकडच्या घरातल्या बाईला कळलं, पोस्टमनला कळलं. माझ्या भावाला चमचा लागला."

"मला मोजता आलं नाही तर कळत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "घाण म्हणालास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं माहीत आहे? एक आठवडा माझ्या हाताला काही झालेलंच नव्हतं."

मग ती पुढे वाजवायला लागली आणि मी पाठ फिरवून स्क्रू शोधायला लागलो. कुठलाही स्क्रू हरवला नव्हता.

थोड्या वेळाने ती मुद्द्यावर आली. गोळी लागू असते तेव्हा एवढं धरून ठेवणं पुष्कळ, पण गोळी उतरली की कमी पडेल. कमी-जास्त करायला बटण हवंच, आणि पकड जाईल असं मोठं. बाहेर डबीत बटण लावून पाहिलं, तर तिने हात ठेवला की डबीच टेबलावर नाचायला लागली. मागच्या बाजूला लावलं तर हात पोचेना. पॅनेल जड आहे, हाताला टेकू देतं. तिथेच लागेल.

"राहू दे, डेस," ती म्हणाली. "जेवढं केलंस तेवढ्यावर भागवते. हे परत जोडता येतं ना? कार्यक्रम झाला की ट्रान्झिस्टरचा पाय लाव आणि दे त्यांना."

"आणि कार्यक्रमाच्या वेळी गोळी उतरली तर?"

"तर तू पडद्यामागून खोकशील मोठ्याने."

२६ जुलै, शनिवार

पाडलं भोक.

आठवडाभर पॅनेलकडे नुसतं बघत होतो. खरं सांगायचं तर त्या पाटीचा मोह सुटत नव्हता. मुलांना, नातवंडांना तिथे उभं करून दाखवायचं होतं. आज सकाळी ग्लेनिसला हाक मारली, पॅनेल धरायला. चिकटपट्टी लावली, टोचा मारला. माझ्या एन्व्हलपच्या चार बटणांच्या अगदी खाली, मधोमध. मागे लपवणार नव्हतो. आधी बारीक ड्रिल, मग जाड. ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस निघाला आणि जमिनीवर पडला. कडा कानशीने घासल्या, बोट फिरवून पाहिलं. रेशीम. अशी भोकं कारखान्यातसुद्धा पडत नाहीत.

बटण कुठून आणलं? आमच्या जुन्या शेगडीचं. शेडमध्ये पडली होती. तिनेच मागितलं होतं ना शेगडीएवढं. काळं, जाड, मुठीत बसणारं. ते शून्याला खटकन बसतं तेव्हा जुना चावा जसाच्या तसा परत येतो. फिरवत नेलं की धरून ठेवणं वाढत जातं. म्हणजे एकाच यंत्रात एकोणीस वर्षांचा डेस आहे आणि एकोणसत्तर वर्षांचाही. दोघांपैकी कोण जास्त हुशार ते मी सांगायला नको.

ग्लेनिस म्हणाली, "कुरूप दिसतंय." मी म्हटलं, "दिसू दे." संध्याकाळी कोरलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "गाढवा." आणि फोन ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार

काल झाला कार्यक्रम.

दुपारी हॉलवर यंत्र मांडलं. वरून कापड झाकलं होतं. नॉस्के संग्रहालयाच्या बाईंना घेऊन आला, कोट घालून, केस चापून बसवून. "बघा," म्हणाला, "पन्नास वर्षांत एकाही हाताने छेडछाड केलेली नाही," आणि नाटकातल्यासारखं कापड ओढलं.

शेगडीचं बटण.

नॉस्केचा रंग आधी गेला, मग लाल होऊन परत आला. "कुणी केलं हे? कुणी केलं हे पाप?"

कोरल पुढे झाली. "ट्रेवर, ते मी सांगि..."

"मी केलं," मी म्हटलं. "सर्किट माझं होतं. भोकही माझंच आहे."

"तू? तुझंच एन्व्हलप? पहिल्या नगाचं? डेस, तुला वेड लागलंय का?"

"ते आधी इतकं चांगलं नव्हतं."

संग्रहालयाच्या बाईंनी बटण फिरवून पाहिलं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. सौम्यपणे म्हणाल्या की मूळ स्थितीतला पहिला नग म्हणूनच ती पेटी मंजूर झाली होती, आता ते जमणार नाही, त्यांना वाईट वाटतंय. मी म्हटलं, तुमचा नाइलाज आहे. नॉस्के म्हणाला, "तुझी पाटी गेली, समजलं का?" मी म्हटलं, समजलं. माझ्या आवाजाला काही झालं नाही. आत काय झालं ते इथे लिहून ठेवतो: दुखलं. पण दात दुखतो तसं, काढून टाकल्यावर.

संध्याकाळी हॉल भरला. जुन्या शेडमधले आम्ही दोघेच उरलोय, मी आणि वायरिंग करणारा क्लेम, तो माझ्या एका बाजूला, ग्लेनिस दुसऱ्या. कोरल निळ्या झग्यात आली. येऊन तिने सगळ्यांत आधी ते बटण फिरवलं, अर्ध्याच्या पुढे. म्हणजे गोळी उतरली होती. ग्लेनिसने माझा गुडघा दाबून धरला.

पहिला स्वर उठला. सावकाश. मी पन्नास वर्षांत करावाँगला असं उठताना ऐकलं नव्हतं. पुढे जिथे पूर्वी चावा असायचा, ती जलद पळापळ, ती तिने बदलून टाकली होती. मला न सांगता. एका स्वराच्या अंगावर दुसरा चढत जायचा, मधली फट कुठे दिसायची नाही. तिची बोटं अडखळत होती, पुढच्या रांगेतून मला दिसत होतं, दोनदा तर पट्टीवरून पार सुटली. सर्किटने दोन्ही वेळा धरलं. दर वेळी मी खुर्चीत पुढे सरकत होतो आणि दर वेळी ते धरत होतं. क्लेम कानात कुजबुजला, "हे तुझं एन्व्हलप नाही." मी म्हटलं, "हेच माझं आहे."

शेवटी एक लांब स्वर होता. तिने तो धरला, बटण पार टोकाला नेलं आणि दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. गेले काही महिने तिचे हात खिशात असायचे, मांडीखाली असायचे, शालीत असायचे. काल तिने ते मांडीवर उघडे ठेवले, दिव्याखाली, सगळ्या हॉलला दिसतील असे. ते थरथरत होते. लोक बघत होते आणि ती लोकांकडे बघत होती, मान ताठ. आणि वर स्वर चालूच होता, कुणी न धरता, जरासुद्धा न हलता, आपल्या वेळेने विझत चाललेला. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. नॉस्के दाराशी उभा होता, त्याने चष्मा काढला होता.

तो स्वर मी बनवलेला आहे. माझ्या बहिणीसाठी बनवला आहे.